रक्त, विटाळ आणि 'ड्रॅक्युला'चे वाचक

'ड्रॅक्युला'विषयी वाचकांची मते इतकी परस्परविरोधी आहेत की या सर्वांनी एकच पुस्तक वाचले काय, असा प्रश्न पडावा. ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ साली लंडनला प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 'डेली मेल'ने तिला गाजलेल्या जुन्या भयकथांच्या वरचे स्थान दिले, तर 'अथेनियम'च्या समीक्षकाला तिच्यात रचनेची कला दिसली नाही. आर्थर कॉनन डॉइलने लेखकाला पत्र लिहून तिची प्रशंसा केली. पुढे १९३१ मध्ये बेला लुगोसी आणि १९५८ मध्ये ख्रिस्तोफर ली यांच्या चित्रपटांनी काळ्या झग्यातला हा सरदार जगभर पोचवला आणि पुष्कळांचे मत पुस्तक न उघडताच तयार झाले.

गंभीर वाचकांतही एकमत नाही. मार्क्सने १८६७ च्या 'भांडवल' ग्रंथात भांडवलाला जिवंत श्रम शोषून जगणाऱ्या पिशाच्चाची उपमा दिली होती. तो धागा पकडून फ्रँको मोरेत्ती या इटालियन समीक्षकाने ड्रॅक्युलात मक्तेदार भांडवल पाहिले. स्टीफन अराटाने १९९० मध्ये वेगळे मत मांडले. साम्राज्याने इतरांचे जे केले तेच उलटून आपल्यावर येईल, या इंग्रजी भीतीचे रूप त्याला येथे दिसले. स्त्रीवादी वाचकांनी लूसीच्या छातीत ठोकलेल्या लाकडी मेखेत स्त्रीदेहावर चालणारी पुरुषी सत्ता दाखवून दिली.

ही मते मी मोलाची मानतो. परंतु बहुतेकांचा मुख्य प्रश्न एकच आहे: रक्त पिणारा हा कोण? सरदार, भांडवलदार की परका? माझा प्रश्न दुसरा आहे. या कादंबरीतील सज्जन माणसे, म्हणजे डॉक्टर, वकील आणि उमराव, रक्ताविषयी काय मानतात?

लूसीचे रक्त रोज रात्री शोषले जाते. तिला वाचवण्यासाठी डॉक्टर व्हॅन हेलसिंग एकामागून एक चार पुरुषांचे रक्त तिला देतो. पहिला रक्तदाता आर्थर. तो तिचा भावी पती आणि उमरावाचा मुलगा. त्याचे रक्त इतके शुद्ध आहे की त्यावर काही प्रक्रिया करण्याचीही गरज नाही, असे डॉक्टर समाधानाने सांगतो. पुढे एका सकाळी लूसी मरणाच्या दारात असते आणि दोन्ही डॉक्टर आधीच रक्त देऊन थकलेले असतात. घरात चार मोलकरणी आहेत. डॉक्टर म्हणतो, या बायांवर भरवसा ठेवण्याची मला भीती वाटते. आणि रक्त देण्याचे धैर्य तरी त्यांना होईल काय? त्या रात्री मोलकरणींना मद्यातून गुंगीचे औषध दिले गेले होते, हे खरे. पण डॉक्टर औषधाचे कारण पुढे करीत नाही. तो शंका घेतो ती त्यांच्या लायकीची. इतक्यात एक धनवान अमेरिकन दारात येतो आणि त्याचे रक्त लगेच चालते. लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध प्रसिद्ध केला तो १९०१ साली, म्हणजे या कादंबरीनंतर. रक्तगटाला कूळ नसते. डॉक्टरच्या मनात मात्र ते आहे. आपल्याकडचा वाचक हे पान सहज उलटू शकणार नाही.

दुसरा प्रसंग मीनाचा. ड्रॅक्युला तिच्यावर जबरदस्ती करून तिला आपले रक्त पाजतो. गुन्हा त्याचा आहे. पण शुद्धीवर येताच मीना स्वतःलाच अपवित्र म्हणते आणि आपण नवऱ्याला शिवता कामा नये असे ठरवते. नंतर डॉक्टर तिच्या रक्षणासाठी प्रार्थनेतील पवित्र भाकरीचा तुकडा तिच्या कपाळाला लावतो. तो तुकडा तिचे कपाळ जाळतो आणि तेथे डाग उरतो. तिच्या तोंडी येणारा शब्द बायबलच्या जुन्या करारातला आहे. महारोग्याने तोच शब्द ओरडत फिरावे, असा तेथे दंडक आहे. त्या शब्दाला मराठीत काय म्हणतात, हे आपल्या वाचकाला कोशात पाहावे लागणार नाही. आपण त्याला विटाळ म्हणतो.

येथे अत्याचार एकाचा आणि डाग दुसऱ्याच्या कपाळी, आणि तो डाग उठवते कोण? पवित्र वस्तूच. ड्रॅक्युला मेल्यावर मीनाचे कपाळ स्वच्छ होते आणि सारे आनंदतात. पण त्या पवित्र वस्तूने एका निरपराध स्त्रीला का जाळले, असे त्या सज्जनांपैकी कोणीही विचारीत नाही. या कादंबरीचा खरा कमकुवतपणा मला येथे दिसतो. 'अथेनियम'ला खटकलेली रचना मला तितकी खटकत नाही.

हे सांगण्याचे कारण आपल्या चळवळीशी निगडित आहे. आपल्या सभांतून 'रक्तपिपासू' हा शब्द आपण सहज वापरतो. सावकाराला, जमीनदाराला तो शोभतोही. मार्क्सच्या उपमेचे बळ मी नाकारीत नाही. पण ही उपमा जशीच्या तशी जातीला लावली की दोन चुकीच्या समजुती तिच्याबरोबर येतात. एक, दुष्ट कोणी एक आहे, तो दूरच्या किल्ल्यात राहतो आणि त्याला मारले की प्रश्न मिटला. दोन, पवित्र वस्तू हे त्यावरचे औषध आहे.

महाडला २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. त्यानंतर तळे शुद्ध करून घेणारे लोक रात्री फिरणारे राक्षस नव्हते. ते गावातले प्रतिष्ठित गृहस्थ होते आणि त्यांच्या हातात पंचगव्य होते. म्हणूनच त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. त्या दिवशी घाव घातला गेला तो ग्रंथाच्या पावित्र्यावर. जात पाळणाऱ्या माणसाच्या दुष्टपणापेक्षा त्याला ती पाळायला शिकवणाऱ्या धर्मशास्त्राकडे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये बोट दाखवले, तेही याच कारणाने.

तेव्हा विद्यार्थ्यांनी 'ड्रॅक्युला' अवश्य वाचावी. ती भीती दाखवते आणि खिळवून ठेवते, यात शंका नाही. शिक्षकांनी ती वर्गात शिकवताना रक्त कोण पितो हे तर विचारावेच. पण मोलकरणींचे रक्त का मागितले गेले नाही आणि मीनाचे कपाळ कोणी जाळले, हे दोन प्रश्नही विचारावेत.