टिंब, तारा आणि तिरकी रेघ

आम्ही वाणिज्य शाखेचे लोक. आमच्या लेखी टिंब म्हणजे रुपये संपून पैसे सुरू होण्याची जागा. ते एक घर सरकलं तर अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत बसते. अशा माणसावर चाळिशीनंतर ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ शिकण्याची पाळी आली. मजकुराच्या ढिगातून नेमकं काय शोधायचं, हे संगणकाला सांगण्याची ही चिन्हांची भाषा. इथलं टिंब म्हणजे ‘कोणतंही एक अक्षर’! १२.५० शोधायला सांगा, संगणक १२.५० आणतो, १२/५० आणतो आणि १२७५०सुद्धा तितक्याच निर्विकारपणे आणतो. साडेबारा रुपये आणि पावणेतेरा हजार ज्याला सारखेच, त्याला आमच्याकडे कॅशवर बसवत नाहीत.

घराणं तसं थोर आहे. स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाचा मूळ निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. १९६८ साली केन टॉम्प्सन यांनी ही कल्पना संगणकावरच्या शोधाला जुंपली. * ही तारा क्लीनींचीच. अर्थ : डावीकडचं अक्षर ‘शून्य किंवा अधिक वेळा’. आमचे काही कर्जदार हप्ते नेमके याच नियमाने भरतात. ‘निदान एकदा तरी’ हवं असेल तर + वापरायचं.

भाषा आखूड आहे, ही माझी तक्रार नाही. बँकेच्या शाखेचा आयएफएससी घ्या : चार अक्षरं, एक शून्य, मग सहा अक्षरं किंवा आकडे. ही भाषा ते अर्ध्या ओळीत सांगते; परिपत्रकाला दोन पानं लागतील, वर शुद्धिपत्रक वेगळं.

तक्रार आहे ती चिन्हांच्या दुटप्पीपणाची. ^ हे काकपद ओळीची सुरुवात दाखवतं. पण चौकटी कंसात पहिलं बसलं की म्हणतं, ‘ही सोडून बाकीची!’ एरवी सर्वसंचारी असलेलं टिंब त्याच कंसात निमूट टिंब होतं. ऑफिसातले साहेब घरी गेल्यासारखं. आणि उलटी तिरकी रेघ? टिंबाआधी घातली, १२\.५०, की टिंबाचे सगळे अधिकार जातात. ठीक. पण तीच रेघ साध्यासुध्या इंग्रजी ‘डी’आधी घातली, की तो ‘कोणताही आकडा’ होऊन बसतो! म्हणजे एकाला बढती आणि दुसऱ्याला निलंबन, दोन्ही आदेशांवर सही एकच. जुन्या ‘ग्रेप’मध्ये गोल कंसाला रेघेनं अधिकार मिळतो, त्याच्याच भावाकडे, ‘ई-ग्रेप’कडे, रेघेनंच जातो.

कीबोर्डावर चिन्हं मोजकी, म्हणून एकेकाला दोन-दोन टेबलं सांभाळावी लागली, हे मान्य. पण समोरचं चिन्ह स्वतः हजर आहे की दुसऱ्याच्या वतीनं, हे बघून कळू नये? वाचलेली शाई लिहिणाऱ्याच्या खात्यात जमा होते आणि सगळा मनस्ताप वाचणाऱ्याच्या नावे पडतो. वाचणारे लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त, तेव्हा ताळेबंद काही जुळत नाही.

तरीही शिका म्हणतो. फक्त रकमेतलं टिंब दिसलं, की आधी त्याच्या डावीकडे तिरकी रेघ मारा, चहा मागाहून.