'मालकी' या संज्ञेचा संदिग्ध वापर

ग्रामीण स्त्रियांच्या भूमिहक्कांविषयीच्या संशोधनात आकड्यांचे दारिद्र्य नाही. दारिद्र्य आहे ते संज्ञांचे. बीना अगरवाल यांनी 1994 साली प्रसिद्ध झालेल्या 'अ फील्ड ऑफ वन्स ओन' या ग्रंथात जमिनीची कायदेशीर मालकी आणि तिच्यावरील प्रत्यक्ष नियंत्रण यांत स्पष्ट भेद केला होता. तो भेद वारंवार उद्धृत होतो. आकडे योजताना मात्र त्याचा विसर पडतो.

2015-16 च्या कृषिगणनेत स्त्रियांचे प्रमाण सुमारे 14 टक्के आढळते. परंतु ते वहितीधारकांचे, म्हणजे जमीन कसण्याची व्यवस्था पाहणाऱ्यांचे प्रमाण आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ते 43 टक्क्यांवर जाते. कारण तेथील प्रश्नात घर अथवा जमीन, एकटीची अथवा सामाईक, असे सर्वच सामावले आहे. अगरवाल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2021 च्या नऊ राज्यांवरील निबंधात जमीनमालकांत स्त्रिया पुन्हा सुमारे 14 टक्केच भरतात; पण येथे मोजली आहे ती खरी मालकी. दोन आकडे जुळले म्हणून त्यांचे अर्थ जुळत नाहीत.

मराठी महसुली भाषा या बाबतीत अधिक काटेकोर आहे. सातबाऱ्यात गाव नमुना सात हक्क सांगतो, तर गाव नमुना बारा पिकांची नोंद देतो. एका कागदावर असूनही या दोन गोष्टी एक मानल्या जात नाहीत.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू कन्येस वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला. उपर्युक्त निबंधानुसार मात्र जमीन लाभलेल्या स्त्रियांपैकी बहुतेकींना ती कन्या म्हणून नव्हे, तर विधवा म्हणून सासरकडून मिळालेली आहे. दोघींची एकत्र गणना केल्यास विधवेच्या नावाची नोंद कन्येच्या कायद्याचे यश ठरते, आणि भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून देणारी बहीण गणनेतून नाहीशी होते. तिचा माग सातबाऱ्यावर नव्हे, फेरफार नोंदवहीत म्हणजे गाव नमुना सहामध्ये सापडतो. स्त्रीच्या नावावर किती जमीन आहे, एवढेच विचारून भागणार नाही. ती कोणत्या नात्याने आली आणि कोणत्या नात्यासाठी सोडली गेली, हेही संशोधकाने तपासले पाहिजे.