मोबेर्ग यांच्या कादंबऱ्यांतील स्थलांतरित कुटुंब

स्वीडिश कादंबरीकार व्हिल्हेल्म मोबेर्ग यांच्या १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांत स्मोलांड प्रांतातील एक शेतकरी कुटुंब १८५० मध्ये अमेरिकेस जाते व मिनेसोटात वसते. ही कृती श्रमाची विजयगाथा म्हणून वाचण्याचा मोह सहज होतो. तथापि तिचे मर्म अन्यत्र आहे : एकाच जहाजातून उतरलेली माणसे नव्या देशात एकाच वेळी पोचत नाहीत.

खडकाळ जमिनीशी झुंजून थकलेल्या कार्ल ऑस्करच्या लेखी सुपीक भूमी लाभली की स्थलांतर सफल झाले. त्याची पत्नी क्रिस्टिना मात्र इंग्रजी आपलीशी करीत नाही. नव्या वस्तीला तिच्या माहेरचे नाव मिळते. माहेराहून आलेले सफरचंदाचे बी रुजते. ती स्वतः रुजत नाही. मुलांची गत याच्या नेमकी उलट. पित्याच्या निधनाची वार्ता अखेर शेजाऱ्याला स्वीडनला कळवावी लागते. मुलांना स्वीडिश लिहिता येत नाही. कुटुंब स्थिरावल्याचा पुरावा तोच, आणि त्याचे मोलही तेच.

क्रिस्टिनाचा मृत्यू लेखकाने १८६२ मध्ये, डाकोटांच्या उठावाच्या काळात योजिला आहे. एकाचे वसणे हे दुसऱ्याचे उठणे असते, याची जाणीव या योजनेत आहे. परंतु विस्थापित डाकोटा कुटुंब कार्ल ऑस्करच्या कुटुंबाइतके आतून साकार होत नाही. या थोर कृतीची मर्यादा ती हीच.