कुंदन शाह यांचे कडू हसू

उर्दूच्या तासाला ‘तंज-ओ-मिजाह’ शिकवताना आमची दरवर्षी एकच अडचण होते. मिजाह म्हणजे हसवणे, तंज म्हणजे टोचणे, एवढे मुले पाठ करतात. पण टोचणाऱ्यालाही आतून दुखत असते, हे फळ्यावर लिहून समजत नाही. अशा वेळी आम्हाला दिग्दर्शक कुंदन शाह (१९४७-२०१७) आठवतात.

त्यांचा ‘जाने भी दो यारो’ १९८३ चा. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांत काढलेला. विनोद आणि सुधीर या दोन कफल्लक छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यात नकळत एक खून सापडतो. खून झालेल्या आयुक्ताच्याच नावाने उड्डाणपूल होतो आणि कोसळतो. प्रेताला द्रौपदी करून महाभारताच्या नाटकात जो गोंधळ चालतो, तो सर्वांना ठाऊक आहे. (प्रेत झालेल्या सतीश शाह यांचे काम जिवंत नटांना लाजवणारे!) आम्हाला मात्र तो प्रसंग थोडा लांबल्यासारखा वाटतो. खरा कुंदन शाह त्याच्यानंतर दिसतो. बिल्डर, पोलीस आणि भक्ती बर्वे यांनी रंगवलेली संपादिका, सगळ्यांचा सौदा जमतो. दोघे मित्र कैद्यांच्या कपड्यांत मुंबईच्या रस्त्यावर येतात, आपल्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवतात. मागे वाजते ते शाळाशाळांतून म्हटले जाणारे आशेचे गीत! दोन तास हसलेला प्रेक्षक तिथे ओशाळतो.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला. त्यानंतर हा चित्रपट पाहताना पुलाच्या प्रसंगाला आम्हाला हसू आलेले नाही. यात दिग्दर्शकाचा दोष नाही.

काहीजण म्हणतात, हा माणूस निव्वळ उपहास करणारा. त्यांनी १९९४ चा ‘कभी हां कभी ना’ पाहावा. गोव्यातला सुनील परीक्षेत नापास होतो, खोटी गुणपत्रिका आणतो आणि घरात आनंदीआनंद होतो. आपण हसतो. पण बापाचा तो अभिमान मुलाला पेलवेनासा होतो, तेव्हा हसणे घशातच राहते. कुंदन शाह त्याला लबाड ठरवत नाहीत, माफही करून टाकत नाहीत.

निकालाच्या दिवशी एखादा मुलगा गुणपत्रिका घेऊन फाटकापाशीच रेंगाळतो. पूर्वी आम्ही त्याला दटावून घरी पाठवत असू. आता आधी जवळ बोलावून बसवतो.