नियमराजाचा पत्ता

हवामान-न्यायाच्या चर्चेत आदिवासींच्या श्रद्धेचा उल्लेख अलीकडे वारंवार होतो, आणि त्यासाठी ओडिशातील नियमगिरीचे उदाहरण हटकून दिले जाते. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे, याविषयी प्रस्तुत लेखकास शंका नाही. येथे त्या निर्णयाचा विचार कायद्याच्या अंगाने नव्हे, तर भाषेच्या अंगाने करावयाचा आहे. न्यायाचा प्रश्न ज्या शब्दांत विचारला जातो, त्या शब्दांनी उत्तराची मर्यादाही काही अंशी आखली जाते.

कालाहांडी व रायगडा (हा कोकणातील रायगड नव्हे) या जिल्ह्यांत पसरलेल्या या डोंगररांगेत डोंगरिया कोंध राहतात. माथ्यावरील बॉक्साइट काढून पायथ्याच्या लांजीगढ येथील कारखान्यास पुरवावयाचे होते, व त्यासाठी सुमारे ६६० हेक्टर वनभूमी मागितली होती. बॉक्साइटचा सच्छिद्र थर पावसाचे पाणी धरून ठेवतो. तेथील झरे वंशधारा नदीस मिळतात. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१० मध्ये परवानगी नाकारली, तेव्हा ओडिशाचे खाण महामंडळ न्यायालयात गेले. न्यायालयाने वनहक्क कायद्याच्या (२००६) आधारे निर्णय ग्रामसभांकडे सोपविला. असा प्रश्न डोंगरावरच्या माणसांना विचारावा, ही गोष्टच मोठी होती.

परंतु प्रश्न कसा विचारला गेला? संविधानाच्या २५ व २६ या अनुच्छेदांचा आधार घेऊन निकालपत्र डोंगरमाथ्यावरील देवाच्या पूजेच्या हक्काविषयी बोलते. शिखरापासून सुमारे दहा किलोमीटरवरील खाणीमुळे नियमराजाच्या निवासस्थानास बाध येईल काय, हे ग्रामसभांनी ठरवावे, असे त्यात म्हटले आहे. ‘निवासस्थान’ आणि ‘अंतर’ हे दोन शब्द शेजारी आले की देवाला पत्ता मिळतो. गाभारा, त्याभोवतीचे आवार आणि आवाराबाहेरची सामान्य जमीन, असा देवळाचा नकाशा नकळत डोंगरावर पसरला जातो. निकालपत्रात सामूहिक, वैयक्तिक व सांस्कृतिक हक्कांचाही उल्लेख आहे, हे नमूद केलेच पाहिजे. तथापि त्यातील सर्वांत ठसठशीत वाक्ये पूजेविषयीचीच आहेत.

ग्रामसभांनी हा नकाशा स्वीकारला नाही. १८ जुलै ते १९ ऑगस्ट २०१३ या काळात, जिल्हा न्यायाधीशांच्या उपस्थितीत, बारा गावांनी एकमुखाने नकार दिला. देव एका जागी नाही, अवघा डोंगरच त्याचा आहे, असे तेथे पुनःपुन्हा सांगितले गेले. आणि त्याच दमात झरे, फळे, पिके यांची गणना झाली. आपण ज्याला धर्म म्हणतो आणि ज्याला उपजीविका म्हणतो, ती त्या बोलण्यात दोन प्रकरणे नव्हती.

आता नावाविषयी थोडेसे. ‘नियम’, ‘राजा’, ‘गिरी’ हे तिन्ही शब्द संस्कृतोद्भव आहेत, तर डोंगरियांची कुवी ही द्राविड कुळातील, गोंडीच्याच शाखेची भाषा. कुवीत देवाला ‘पेनू’ म्हणतात. गडचिरोलीतील गोंडीचे ‘पेन’ हे त्याचेच भावंड. परंतु यावरून नियमराजा हे बाहेरचे नाव व पेनू तेवढा खरा, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. कोंधांच्या ‘धरणी पेनू’त पहिले पद आर्य भाषेतलेच आहे, आणि नियमराजा हे नाव डोंगरिया स्वतः अभिमानाने घेतात. उसने शब्द त्यांनी आपलेसे केले. आक्षेप शब्दाच्या उगमाला नाही. न्यायालयात त्याचा अर्थ आखडला, याला आहे.

दुसऱ्या बाजूच्या लेखकांनीही अर्थ आखडलाच आहे. ‘निसर्गपूजक आदिवासी’ हे त्यांचे लाडके लेबल. डोंगरिया उतारावरचे जंगल तोडून फिरती शेती करतात, अननस व हळद आठवड्याच्या बाजारात नेऊन विकतात; माथ्यावरील रान मात्र राखतात. कोठे तोडावे आणि कोठे नाही, हा विवेक त्यांच्या श्रद्धेत सामावलेला आहे. त्याला निरागस निसर्गप्रेम म्हणणे हा त्या विवेकाचा अपमानच होय.

श्रद्धेच्या भाषेत बोललात तरच ऐकू, असा पायंडा पडला तर ज्यांच्या डोंगराला देव नाही त्यांनी काय करावे? आणि देव असला तरी तो पुरतोच असे नाही. गडचिरोलीतील सुरजागडच्या पहाडावर ठाकूरदेव आहे, माडिया गोंडांची यात्रा भरते. तरीही ग्रामसभांचा विरोध असताना तेथे लोहखनिजाचे उत्खनन झाले.

ग्रामसभा नव्याने घ्याव्यात ही ओडिशा सरकारची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये फेटाळली, आणि बारा गावांचे म्हणणे कायम राहिले. ती बारा गावे राज्य सरकारने निवडली होती. नियमगिरीवर शंभराहून अधिक वस्त्या आहेत; त्यांपैकी उरलेल्यांना तो प्रश्न २०१३ साली विचारलाच गेला नव्हता.