सत्तर टक्क्यांची तपासणी

फुप्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. हा सल्ला योग्यच आहे. पण त्याच्या समर्थनार्थ दिला जाणारा प्रत्येक आकडा तितकाच पक्का असतो का?

१९९९ साली निकोल व सहकाऱ्यांचा मिनेसोटातील (अमेरिका) अभ्यास प्रसिद्ध झाला. फुप्फुसांचे जुनाट विकार असलेल्या १८९८ वृद्धांच्या तीन हिवाळ्यांतील नोंदी त्यांनी तपासल्या. लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी आढळला. आकडा मोठा आहे, आणि म्हणूनच तो तपासायला हवा.

या अभ्यासात लस कोणाला द्यायची हे संशोधकांनी ठरवले नव्हते. ज्यांनी घेतली त्यांनी घेतली. अंथरुणाला खिळलेला, अगदी थकलेला रुग्ण लस घ्यायला बाहेर पडण्याची शक्यता कमी. म्हणजे दोन्ही गट मुळातच वेगळे असू शकतात. संशोधकांनी हा फरक गणिताने दूर करण्याचा प्रयत्न केला होता, पण नोंदीत जे उतरलेच नाही ते गणितात कसे येणार?

ही शंका पडताळण्याची सोपी युक्ती जॅक्सन यांच्या गटाने २००६ मध्ये वापरली. सिएटलच्या एका आरोग्य योजनेतील ६५ वर्षांवरील ७२,५२७ जणांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या. फ्लूची साथ सुरू होण्यापूर्वीच लस घेतलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी होता. साथीच्या काळात हा फरक उलट ४४ टक्क्यांवर आला. फ्लू नसताना फ्लूची लस जीव वाचवणार नाही. तेव्हा फरकाचा बराच भाग लसीचा नव्हे, मुळातल्या प्रकृतीचा होता.

मग लस निरुपयोगी ठरते का? नाही. बँकॉकमध्ये १९९७-९८ मध्ये सीओपीडीच्या १२५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एकाला लस दिली, दुसऱ्याला लस नसलेले इंजेक्शन. वर्षाला दर शंभर रुग्णांमागे फ्लूमुळे होणारे श्वसनविकार दुसऱ्या गटात २८.१, तर लस घेतलेल्यांत ६.८ भरले. घट ७६ टक्के. वेगळ्या शब्दांत, पाच जणांना लस दिली की वर्षात साधारण एक आजारपण टळते. लसीने फुप्फुसांची क्षमता खालावल्याचेही दिसले नाही. मात्र इतक्या थोड्या रुग्णांवरून मृत्यूबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

चुलीच्या किंवा विडीच्या धुराने फुप्फुसे खराब झालेल्या माणसाला एक आजारपण टळणे ही लहान गोष्ट नाही. त्याला ‘मरण टळेल’ असे फुगवून सांगितले, तर पुढे खऱ्या फायद्यावरचाही विश्वास उडतो.

वर्गात हे तिन्ही अभ्यास फळ्यावर मांडावेत आणि प्रत्येकाबाबत एकच प्रश्न विचारावा : लस कोणाला मिळणार, हे कोणी ठरवले?