सस्पेन्शन आणि सस्पेन्स

मराठीत कशाची म्हणून समीक्षा व्हायची राहिली आहे? कवितेची झाली, कादंबरीची झाली, नाटकाची तर कधीकधी पडदा वर जायच्या आधीच झाली. पुढे समीक्षेचीही समीक्षा झाली. ती समीक्षकांनी लिहिली आणि समीक्षकांनीच वाचली. पण ज्या कलेचा आस्वाद मध्यमवर्गीय माणूस सहकुटुंब आणि पेट्रोलचे पैसे मोजून घेतो, त्या मोटारीतल्या खडखडाटाकडे एकाही टीकाकाराचं लक्ष गेलेलं नाही. 'मग तुमची पात्रता काय?' असं कोणी विचारील. मी बी.कॉम. आहे, बँकेत कारकून आहे आणि देगलूरला माझी बारा वर्षांची सेकंडहँड गाडी आहे. पहिल्या दोन गोष्टींनी मला हिशेब शिकवला, तिसरीने कान दिले.

या विषयावरचं आपलं पारंपरिक वाङ्मय म्हणजे एकच विनोद : 'गाडीचा हॉर्न सोडून सगळं वाजतं.' ॲम्बॅसडर आणि फियाटच्या काळात तो जोरात होता. पद्मिनी गेली, २०१४ मध्ये ॲम्बॅसडरही बंद पडली, पण हा विनोद अजून धक्का न मारता सुरू होतो. टीकाकार म्हणून माझा आक्षेप त्यातल्या 'सगळं' या शब्दावर आहे. सगळं कधीच वाजत नसतं. वाजत असतो एखादा सैल स्क्रू, जॅक नाहीतर नंबरप्लेट. 'सगळं' म्हटलं की शोधायची जबाबदारी संपते. 'देशातच सगळा गोंधळ आहे हो' असं म्हणणारे गृहस्थ स्वतःच्या गल्लीतला नळ दुरुस्त करून घेत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

योगायोग असा, की या विषयावरच्या तीन मोठ्या कृती एकाच वर्षी, म्हणजे १९५८ मध्ये, जगासमोर आल्या. पहिली आहे डेव्हिड ओगिल्वी यांनी लिहिलेली रोल्स-रॉइसची जाहिरात. गाडी ताशी साठ मैलांनी धावत असताना आत सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा येतो, असा तिचा दावा. जाहिरातवाल्यांच्या पंथात हे वेदवाक्य मानतात. तसं हे घड्याळही सेकंडहँडच. पिअर्स-ॲरो नावाच्या अमेरिकन गाडीच्या जाहिरातीत ते १९३३ मध्येच टिकटिकून गेलं होतं. ते असो. माझी तक्रार वेगळी आहे. आवाज नाही म्हणजे सगळं ठीक आहे, हे गृहीतच मला मान्य नाही. आमच्या बँकेतही काही कर्जखाती अशीच शांत असतात. इतकी शांत, की हप्त्याचासुद्धा आवाज येत नाही.

दुसरी कृती ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' हा बंगाली चित्रपट. सुबोध घोष यांच्या कथेवरचा. बिमल नावाचा टॅक्सीवाला आणि त्याची जगद्दल नावाची पुराणी शेव्हरलेट, एवढाच संसार. ही गाडी रेडिएटरमध्ये पाणी ओतलं की तहानलेल्या माणसासारखी घटघट पिते, रुसते, कण्हते. गाव बिमलला हसतं, कारण गावाला नुसता खडखडाट ऐकू येतो आणि बिमलला बोलणं. शेवटी जगद्दल भंगारात जाते. तिचा सुटा हॉर्न एक लहान मूल वाजवतं आणि बिमलच्या चेहऱ्यावर हसू येतं. म्हणजे पाहा, आपल्या विनोदात हॉर्न सोडून सगळं वाजतं; घटकांनी सगळं संपवून फक्त हॉर्न ठेवला. विनोद आणि वाङ्मय यांतला फरक मला इथे कळला.

तिसरी कृती 'चलती का नाम गाडी'. गॅरेजमध्ये पावसात भिजलेली मधुबाला आणि गाडीच्या अंगावर पाना-हातोडीने ठेका धरणारा किशोरकुमार. लोक मधुबालेकडे पाहतात, ते स्वाभाविक आहे. पण मिस्त्री लोकांची खरी विद्या त्या ठेक्यात आहे. इथे ठोक, तिथे ठोक, कुठला पत्रा भरीव बोलतो आणि कुठला सुटा बोलतो ते ऐक. एकच दोष सांगतो : एका गाण्यात दुरुस्ती आटोपणारं गॅरेज मी अजून पाहिलेलं नाही.

आता कलेच्या शास्त्राकडे वळू. मोटारीच्या आतल्या आवाजांची घराणी तीन. पहिलं खडखड घराणं. दोन वस्तूंमध्ये फट असते आणि धक्का बसला की त्या एकमेकींवर आपटतात. उपाय सरळ आहे : आवळा, नाहीतर मध्ये फेल्टची किंवा फोमची पट्टी द्या. दुसरं करकर घराणं. इथे फट नसतेच, उलट दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबून बसलेले असतात. ते चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. व्हायोलिनवर गज फिरतो तेव्हाही हेच घडतं. फक्त तिथे टाळ्या पडतात. दरवाजाच्या रबराला सिलिकॉनचा स्प्रे मारला की हे गाणं थांबतं. इंजिन ऑइलचं बोट मात्र रबराला लावू नये, त्याने रबर फुगतं. तिसरं घराणं गुणगुण. पत्र्याची स्वतःची एक कंपनसंख्या असते; इंजिनाची किंवा चाकांची कंपनं तिच्याशी जुळली की पत्रा घुमू लागतो. म्हणून ही मैफल साठाला रंगते आणि सत्तरला मोडते. तिच्यावर पत्र्याच्या आतून ब्यूटाइल रबराची डॅम्पिंग शीट चिकटवतात. सगळा पत्रा मढवायची गरज नसते, मधला थरथरणारा भाग पुरतो.

घराणं कळलं तरी गवई सापडत नाही. इथे बँक कामाला येते. बेरीज जुळेनाशी झाली की जुने हेडक्लार्क पहिल्यांदा फरकाला नवाने भागून पाहायचे. पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय. मोटारीतही पहिला प्रश्न असाच : हा आवाज कशाने भागला जातो? उभ्या गाडीत रेस दिल्यावर येत असेल तर त्याचा संबंध इंजिनाशी. वेगाबरोबर वाढत असेल तर चाकांशी. फक्त खड्ड्यात येत असेल तर चाकाखालच्या सांध्यांशी किंवा आतल्या सुट्या सामानाशी. दुसरं काम झडतीचं. माझ्या गाडीच्या निरनिराळ्या खणांतून सुटी नाणी, दोन चष्मे, अत्तराची बाटली आणि कुठल्याच कुलुपाची नसलेली किल्ली निघाली. निम्मा खडखडाट तेवढ्यानेच थांबला. नाणी तर माझ्याच गाडीत बिनव्याजी ठेव म्हणून पडून होती.

उरलेल्या निम्म्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने एकेक वस्तू हाताने दाबत जायचं. दाबल्यावर आवाज थांबला की टिक. आमच्याकडे हे दुसरं माणूस म्हणजे कन्या. मागच्या सीटवर बसून तिने व्हाउचर तपासावीत तशी गाडी तपासली. देगलूरला प्रयोगशाळाही दोन आहेत. गुणगुण पकडायला नांदेड-देगलूर-संगारेड्डी हा १६१ क्रमांकाचा महामार्ग, कारण तिथे वेग एकसारखा ठेवता येतो. खडखडीसाठी गावाबाहेरचा दीड किलोमीटरचा एक तुकडा आहे. त्याचं नाव सांगत नाही. छापून आलं तर तेवढाच दुरुस्त व्हायचा.

आता मूळ मुद्दा. ट्रायल बॅलन्स जुळत नसला की आळशी माणूस फरकाची रक्कम सस्पेन्स खात्याला टाकतो. कागद जुळतो, चूक तशीच राहते. मोटारीतलं सस्पेन्स खातं म्हणजे रेडिओचा आवाज वाढवणं, नाहीतर दिसेल तिथे फोम कोंबणं. ओळखीच्या एका गृहस्थांनी भरपूर खर्च करून गाडी आतून मढवून घेतली. गाडी देवघरासारखी शांत झाली. मुलाबाळांना घेऊन हैदराबादला निघायच्या आदल्या दिवशी हवा भरायला म्हणून ती मिस्त्रीकडे आली. मिस्त्रीने पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि ते हललं. बॉल जॉइंट सुटायच्या बेतात आला होता. गृहस्थ म्हणाले, "अहो, पण आता आवाज कुठे येतो?" आमच्या देगलूरच्या मिस्त्रीच्या तोंडात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळ्याच गाड्या चालतात. तो म्हणाला, "साब, आवाज तुमकू बुला रा था. तुम उसकू रजई उढा के सुला दिये."

खडखडाटावर मी वाचलेल्या-ऐकलेल्या समीक्षेत याच्या तोडीचं वाक्य नाही. डॅशबोर्डचा आवाज दाबा, डिकीचा दाबा, दाराचा दाबा; त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकांजवळचा आवाज आधी ऐका. सस्पेन्शनचा आवाज सस्पेन्सला टाकू नये. गाडीतल्या माणसांचा हिशेब नंतर दुरुस्त करता येत नाही.

रोल्स-रॉइसलाही अखेर शांततेचा त्रास झालाच. २०२० च्या नव्या 'घोस्ट' गाडीत त्यांनी आवाज अडवणारं शंभर किलोंहून अधिक सामान भरलं. आत इतकी शांतता झाली, की बसणारा भांबावून जाऊ लागला. मग त्याच इंजिनियर मंडळींनी निरनिराळ्या भागांचे सूर एकमेकांशी जुळवून एक हलकी कुजबुज मुद्दाम राहू दिली. विजेच्या गाड्यांची अडचण उलटी. इंजिन हे आवाजांवरचं मोठं पांघरूण. ते निघाल्यावर एरवी न ऐकू येणारं बारीकसारीक करकरणंही ऐकू येऊ लागलं. नाण्यांची झडती त्यांनाही चुकलेली नाही.

माझ्या गाडीत सध्या एकच आवाज शिल्लक आहे. मागच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल दारालगतच्या प्लॅस्टिकवर टकटक आपटतं. त्या जागेवर कोणी पट्टा लावून बसलं की तो बंद होतो. कन्या अकरावीला लातूरला गेल्यापासून तो रोज येतो. पाच रुपयांच्या फेल्टच्या तुकड्याचं काम आहे, तुकडा कापूनही ठेवला आहे. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, लावून टाका की तो एकदाचा." पण हा आवाज कुठल्या खात्याचा आहे ते मला पक्कं ठाऊक आहे, आणि दिवाळीच्या सुट्टीत ते खातं आपोआप जुळतं.